घाटात वळताना टक-टक: मामांच्या गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मामा रिटायर्ड शिक्षक, राहायला वाईला. गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, एबीएस नाही, मीटरवर तेव्हा 84 हजार किलोमीटर. मुलगी पाचगणीला दिलेली, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पसरणी घाट चढणं-उतरणं ठरलेलं. गाडीची आणि गॅरेजवाल्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कुठल्याही गाडीत हे असंच होतं आणि त्यात कोणा एका कंपनीचा दोष नाही.

कहाणीची सुरुवात खरं तर आवाजाच्या आठ महिने आधी झाली, पण ते आम्हाला नंतर कळलं. फेब्रुवारीत सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढवली होती तेव्हा तिथला पोरगा मामांना म्हणाला होता, "गुरुजी, डाव्या चाकाच्या ऍक्सलचा बूट चिरलाय, बदलून घ्या." मामांना वाटलं बिल वाढवायला काहीतरी सांगतायत. "पुढच्या वेळी बघू" म्हणाले आणि विसरले. मला जर तेव्हा एक फोन केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती, असो.

हा बूट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिअरबॉक्समधून दोन शाफ्ट निघतात, एक डाव्या चाकाला एक उजव्या. पुढचं चाक फिरतंही, वळतंही आणि खड्ड्यात वर-खालीही होतं, म्हणून प्रत्येक शाफ्टला दोन जॉइंट असतात, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि एक चाकाच्या बाजूला. चाकाकडचा जो असतो तो वाटीसारखा कप, आत सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरणारा पिंजरा, आणि गोळ्या सरकायला कपच्या आतून कोरलेल्या खाचा. ट्रकच्या लांब शाफ्टला जो साधा क्रॉस असतो तो कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो. इथे गोळ्या कायम कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात त्यामुळे चाक कितीही वळवलं तरी झटका बसत नाही. अल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअरने 1920 च्या दशकात काढलेली ही युक्ती, 1959 च्या ब्रिटिश मिनीपासून छोट्या गाड्यांत सर्रास आली आणि आज आपल्या दारातल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये हीच आहे. ह्या सगळ्यावर हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा रबरी बूट, आत काळं मॉलीचं (मॉलिब्डेनम घातलेलं) ग्रीस. बूट चिरला की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि त्या जागी पाणी आणि धूळ आत जाते. मग गोळ्या खाचा खायला लागतात. मधल्या आठ महिन्यांत एक पूर्ण पावसाळा गेला होता, आणि वाई-पाचगणीचा पावसाळा म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको.

तक्रार नेमकी काय होती

ऑक्टोबरमध्ये मामांचा फोन. "अरे, घाटात वळलं की पुढून टक टक टक येतंय. सरळ चाललं की गप्प."

मी पुण्यात असतो त्यामुळे लगेच जाणं शक्य नव्हतं. फोनवर विचारायला पाहिजे होतं की कुठल्या बाजूला वळताना, ऍक्सिलरेटर दिलेला असतो का सोडलेला, गाडीच्या वेगाबरोबर टक टक वाढते का. यातलं मी काहीच नीट विचारलं नाही, फक्त "जवळच्या मिस्त्रीला दाखवा" एवढं बोललो.

पहिला निर्णय, आणि तो कसा चुकला

मामा गेले जवळच्या गॅरेजला. मिस्त्री माणूस चांगला, फसवणारा नाही हे आधीच सांगतो. त्याने गाडी गॅरेजसमोरच्या रस्त्यावर नेली, दोन स्पीडब्रेकर ओलांडले, टक असा आवाज आला, परत येऊन जॅक लावला, चाक हलवलं, आणि लिंक रॉड (सस्पेन्शनमधल्या छोट्या दांड्या) लूज निघाले. दोन्ही बाजूंचे बदलले, मजुरी धरून 1,700 रुपये.

गंमत अशी की लिंक रॉड खरंच गेलेले होते! स्पीडब्रेकरवरची टक बंद झाली, मामा खूश. दोन दिवसांनी पाचगणीला निघाले आणि पहिल्याच डाव्या हेअरपिनला परत टक टक टक.

पुढचं सगळं ज्याच्यामुळे लांबलं ती चूक हीच. गाडीत एक बिघाड सापडला म्हणजे तक्रारीचं कारण सापडलं असं नसतं. दहा वर्षांच्या गाडीखाली शोधलं तर कायम काहीतरी लूज सापडतंच. मिस्त्रीने आवाज ऐकला पण तो मामांनी सांगितलेला आवाज नव्हता. सरळ रस्त्यावर खड्ड्यात एकदा टक होणं ही वेगळी गोष्ट आणि वळताना लयीत टक-टक-टक होत राहणं ही वेगळी. मामा शेजारी बसून गेले असते तर तिथल्या तिथे म्हणाले असते की हा नव्हे. पण गाडी सोडून ते चहाला गेले होते.

दुसऱ्यांदा गेले तर मिस्त्री म्हणाला, शॉकअपचं वरचं बेअरिंग असेल, दोन्ही बदलू. इथे मामांनी मला फोन केला आणि मी म्हटलं, "मामा, आता काहीही बदलू नका, मी शनिवारी येतो."

मैदानातली तपासणी

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानात गाडी घेऊन गेलो. आधी फुकटातल्या गोष्टी. चाकांचे नट चारही बाजूंनी पान्याने बघितले, घट्ट. व्हीलकॅप काढून डिकीत टाकल्या. टायरच्या नक्षीत खडा अडकलाय का बघितलं, एक निघाला पण मागच्या टायरमध्ये. हे पोरकट वाटतं पण टकटकाट म्हणून आलेल्या गाडीत अडकलेला खडा किंवा ढिला नट निघालेला मी दोनदा बघितलाय.

मग गाडी उभी ठेवून इंजिन चालू, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. गप्प. शॉकअपच्या वरचं बेअरिंग अडकत असेल तर इथेच स्प्रिंग पीळ खाऊन टणकन सुटल्याचा आवाज येतो, बहुतेक वेळा हाताला पण जाणवतं. तो आला नाही म्हणजे दुसऱ्या मिस्त्री-वारीत जे बदलणार होतो ते बहुधा चांगलंच होतं, निदान आत्ताच्या तक्रारीशी त्याचा संबंध नव्हता.

मग खरी टेस्ट. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पहिला गिअर, हळू गोल फिरायचं, थोडा ऍक्सिलरेटर. टक टक टक टक, अगदी घड्याळासारखं, आणि वेग वाढवला की टकटक पण भरभर. त्याच गोलात क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली तर आवाज जवळजवळ गायब. पुन्हा क्लच सोडून ऍक्सिलरेटर दिला, पुन्हा सुरू. माझ्या दृष्टीने निकाल इथेच लागला. चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला आवाज आणि तोही ताकद लागल्यावरच, म्हणजे शाफ्टचा जॉइंट. खडा असता तर क्लच दाबला काय न दाबला काय, वाजतच राहिला असता. चाकाचं बेअरिंग असतं तर टकटक नव्हे, घुंई असा सलग आवाज, आणि सरळ रस्त्यावर पण. आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट असता तर सरळ जाताना ऍक्सिलरेटर दिल्यावर थरथर किंवा देताना-सोडताना धक्का आला असता, तसं काही नव्हतं.

रिव्हर्समध्ये पण गोल मारला, तिथे आवाज एकदम बारीक. हे पण बसतं, कारण मागे जाताना गोळ्या खाचेच्या दुसऱ्या भिंतीवर टेकतात आणि ती भिंत कमी झिजलेली असते.

उजवीकडे पूर्ण वळवून गोल मारला तर अगदी हलकं, कान देऊन ऐकलं तर ऐकू येईल इतकंच.

मग डावा की उजवा

इथे आमचं भांडण व्हायची वेळ आली. सगळीकडे सांगितलं जातं की डावीकडे वळताना वाजलं तर उजवा जॉइंट गेला, कारण वळताना बाहेरच्या चाकावर वजन जास्त येतं. दुसऱ्या एका ओळखीच्या फिटरने फोनवरून पण हेच ठामपणे सांगितलं, "उजवाच आहे, डोळे झाकून बदला." मामा म्हणाले झालं, उजवा मागवू.

पण मला ते पटेना. बाहेरच्या चाकावर वजन जास्त येतं हे वेगात वळताना खरं, आमचा आवाज तर ताशी आठ-दहाच्या वेगाला पूर्ण स्टेअरिंग तोडल्यावर (वळवल्यावर) येत होता. तेव्हा वजनाचा फरक किरकोळ, आणि आतल्या बाजूचं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलेलं असतं (त्याला छोटा गोल मारायचा असतो ना), म्हणजे त्या चाकाचा जॉइंट जास्त वाकलेला. डावीकडे वळताना आतलं चाक डावं.

म्हणून डोळे उघडे ठेवून बघायचं ठरवलं. मैदानाच्या कडेला एक कंपाउंडची भिंत होती, तिच्या कडेने आधी डावी बाजू भिंतीकडे ठेवून आणि मग उजवी बाजू भिंतीकडे ठेवून हळू वळत नेली, काचा खाली. डावी बाजू भिंतीकडे असताना आवाज दुप्पट परत आला. नंतर गाडी सपाट जागी लावून, मागच्या चाकांना दगड, जॅक आणि खाली स्टँड (नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच), मोबाईलचा टॉर्च घेऊन खाली बघितलं. डावीकडचा बूट मधल्या घडीवर जवळजवळ अर्धा गोल फाटलेला. रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीवर), शॉकअपच्या बुडाला काळ्या ग्रीसचे फटकारे उडून त्यावर धूळ बसलेली. फाटलेल्या जागेतून बोट घातलं तर हाताला ग्रीस नाही, करकरीत तांबूस चिखल लागला. उजवीकडचा बूट कोरडा, शाबूत.

तेव्हा मामांना फेब्रुवारीतला तो पोरगा आठवला. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

कोणते पर्याय होते

सगळ्यात स्वस्त म्हणजे नुसता बूट बदलून नवीन ग्रीस भरणं. किट चारशेच्या आसपास. मामांना हेच करायचं होतं आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, नवीन ग्रीस भरलं की आवाज काही आठवडे दबतोही. पण खाचेत पडलेले खड्डे ग्रीसने भरून येत नाहीत. फेब्रुवारीत, आवाज यायच्या आधी, हाच पर्याय शंभर टक्के बरोबर होता.

दुसरा, फक्त बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट नवीन, त्याबरोबर बूट, क्लिपा, ग्रीस, सर्क्लिप (जॉइंट शाफ्टवर अडकवणारी कडी) आणि हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट येतो. साताऱ्यात आम्हाला भाव मिळाला 2,200. तिसरा, कंपनीचा अख्खा शाफ्ट, दोन्ही जॉइंट बसवलेला, साडेआठ हजार आणि चार दिवस थांबा. चौथा, भंगारातल्या गाडीचा जुना शाफ्ट, हजार-बाराशेत, पण त्याच्या खाचा किती झिजल्यात ते बाहेरून कळत नाही आणि वॉरंटी दुकानाच्या दारापर्यंत. पाचवा पर्याय एका जुन्या मिस्त्रींनी सांगितला तो मला फार आवडला, म्हणजे करायला नाही, ऐकायला: डावा आणि उजवा कप अदलाबदल करायचा, म्हणजे पुढे जाताना न झिजलेली भिंत कामाला येते आणि आवाज जातो. पूर्वी लोक असं करायचे आणि चालायचं पण. पण आमच्या कपात चिखल गेला होता, मग तो उजवीकडे बसवून चांगल्या बाजूची पण वाट लावायची.

काहीच न करणं हा पण पर्याय असतोच, आणि बरेच लोक टकटक करत वर्षभर चालवतात. मैदानी शहरात मी कदाचित म्हटलं असतं महिनाभर चालवा. पण पसरणी घाटात नाही. जॉइंट पूर्ण तुटला तर स्टेअरिंग चालतं, ब्रेक चालतात, पण इंजिनची सगळी ताकद त्या तुटलेल्या बाजूला फुकट फिरते आणि गाडी चढावर जागेवरच थांबते. त्याहून वाईट, आपण चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून निर्धास्त होतो ना, तो गिअर पण मग गाडी धरत नाही. फक्त हँडब्रेक. मामांचा हँडब्रेक आठव्या खाचेला लागायचा! तो त्याच दिवशी ताणून घेतला.

शेवटी दुसरा पर्याय घेतला. आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचा बूट चांगला, त्याचा काही त्रास नाही, मग त्याचे पैसे कशाला.

प्रत्यक्ष काम

काम पहिल्याच मिस्त्रीकडे केलं. मामा नको म्हणत होते, पण लिंक रॉड त्याने खोटे बदलले नव्हते आणि यावेळी आम्ही त्याला मैदानात नेऊन शेजारी बसवून आवाज ऐकवला. ऐकल्यावर त्याला दोन मिनिटं पण लागली नाहीत.

हबचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केला, मग वर उचलून चाक काढलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून हब बाहेर ओढला आणि शाफ्ट गिअरबॉक्समधून उपसला. इथे गिअर ऑइल बाहेर येतं, खाली ट्रे ठेवला होता. बाकावर शाफ्ट धरून पितळी ठोकणी लावून जुना जॉइंट एका दणक्यात उतरवला.

आणि नवीन बसेना. जॉइंट शाफ्टवर ज्या दातांवर बसतो त्यांची संख्या वेगळी! त्याच मॉडेलमध्ये दोन प्रकारचे शाफ्ट येतात आणि आम्ही नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगून किट आणलं होतं. जुना जॉइंट पिशवीत घालून परत सातारा, दुकानदाराने दात मोजून बदलून दिलं, पण दिवस गेला आणि गाडी रात्रभर स्टँडवर. ज्यांच्या गाडीला एबीएस आहे त्यांनी कपवरची दातेरी रिंग पण जुळवून घ्या, नाहीतर मीटरवर दिवा पेटेल.

दुसऱ्या दिवशी नवीन जॉइंट बसला, पाकिटातलं सगळं ग्रीस भरलं, मोठी-छोटी क्लिप आवळली. हबचा नट नवीन, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) कंपनीच्या आकड्याला, आणि मग नटाची कड खाचेत ठोकून लॉक केली. मिस्त्री आधी नुसता लांब पाइप लावून "बास झालं" म्हणत होता, त्याच्याकडे टॉर्क पाना नव्हता, शेजारच्या गॅरेजातून मागून आणला. हा हट्ट मी का धरला तर तो नट बेअरिंगला पण दाबून धरतो, सैल राहिला तर दोन महिन्यांनी बेअरिंग रडायला लागतं.

जुना कप मी धुवून बघितला. खाचांमध्ये नख अडकेल एवढे खड्डे होते, आणि सगळे एकाच भिंतीला.

निकाल

त्याच मैदानात, तोच गोल, डावा-उजवा-रिव्हर्स. गप्प. उजव्या वळणावरचं ते हलकं पण गेलं, म्हणजे ते पण डाव्याचंच होतं. एकूण खर्च दुसऱ्या फेरीचा 2,200 अधिक 900 मजुरी, आणि आधीचे 1,700 धरले तर 4,800.

पण दहा-बारा दिवसांनी पार्किंगमध्ये डाव्या चाकाच्या आत फरशीवर तेलाचा डाग. शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये जातो तिथलं ऑइल सील गळत होतं. जुनं सील, रबर कडक झालेलं, शाफ्ट परत घालताना दातांनी ओठ खरवडला असणार. सील दीडशे रुपयांचं, पण त्यासाठी परत सगळं उघडा. मिस्त्रीने मजुरी निम्मी घेतली, ऑइल मात्र विकत आणावं लागलं, आणि यावेळी मापाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं. पहिल्या वेळी "थोडंसंच सांडलंय" म्हणून अंदाजाने ओतलं होतं, ते मी बघूनही गप्प बसलो होतो.

परत करायचं झालं तर

फेब्रुवारीत बूट, हे उघडच आहे, त्यावर जास्त बोलत नाही. मामांचं पण पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही, सर्व्हिस सेंटरने चार गोष्टी उगाच सांगितल्या असतील तर पाचवी खरी कोण मानणार. पोराने रॅम्पखाली नेऊन बोटाने दाखवलं असतं तर मामांनी लगेच बदललं असतं.

माझं चुकलं ते पहिल्या फोनला. तीन प्रश्न विचारले असते आणि "मिस्त्रीला गाडीत बसवून आवाज ऐकवा, मगच हात लावू द्या" एवढं सांगितलं असतं तर लिंक रॉड त्या दिवशी बदलले गेले नसते. म्हणजे बदलायचे तर होतेच, पण त्यांच्या नादात खरा आवाज मागे पडला नसता. पार्ट आणायला जाताना जुना काढून बरोबर नेणार, आणि शाफ्ट बाहेर आहे तेवढ्यात सील बदलून टाकणार, विचारत बसणार नाही.

डावा-उजवाच्या नियमाबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं नाही. बऱ्याच गाड्यांत तो बरोबर निघतो, आमच्यात उलटा निघाला. फाटका बूट आणि उडालेलं ग्रीस दिसत असताना नियमाने जायचं कारण नव्हतं, पण दोन्ही बूट शाबूत असते तर मी पण बहुतेक उजवाच उघडला असता.

मामा आता गाडी धुतली की स्टेअरिंग एका बाजूला तोडून टॉर्च घेऊन चाकामागे वाकून बघतात. मागच्या महिन्यात फोन आला, "अरे, उजव्या बूटावर बारीक रेघ दिसतेय, फोटो पाठवतो." फोटोत रेघ नव्हती, चिखल होता. पुसून परत पाठवा म्हटलं, तर पुसल्यावर रेघ निघाली. किट मागवलंय, 420 रुपये, दात मोजून.